लाइट शेल्बीच्या नावावर

ओपल स्पर्लॉकला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरी. शाळेच्या स्वयंपाकघरात ती भल्या मोठ्या पातेल्यात ग्रेव्ही ढवळत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, "दारात उभी राहू नकोस, बाई. माश्या आत येतात."

नवऱ्याच्या नोकरीपायी मी ओहायो नदीच्या काठच्या या गावात आले. नवरा गेला, नोकरी त्याच्याबरोबर गेली आणि पोट भरायला मी शाळेत भांडी घासू लागले. सांगलीकडच्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी शाळेत शिकवते. वाटू दे. त्यांचं समाधान मोडून मला काय मिळणार आहे?

ओपल उंच होती, हाडापेराने मोठी. हात गरम पाण्याने कायम लाल. पुढचा एक दात अर्धा तुटलेला, त्यामुळे हसताना ती ओठ मिटून हसायची. गोड बोलणं तिला जमत नसे. माया आली की ती एकच विचारायची, "जेवलीस का?" आणि उत्तर ऐकायच्या आत ताट पुढे करायची. मुलांनाही तसंच. ज्या मुलाच्या खात्यात जेवणाचे पैसे नसत त्याला थंड चीजचं सँडविच द्यायचं, असा शाळेचा नियम होता. ओपल त्या मुलाला गरम जेवण वाढायची आणि आमच्याकडे अशा नजरेने बघायची की नियमाचं नाव काढायची कोणाची टाप नव्हती.

तिसरी आमची व्हर्ना. अंगाने आडवी, तोंडाने फाटकी. मुलांची जेवणं आटोपली की आम्ही तिघी मागच्या दारी दुधाचे क्रेट उलटे घालून बसायचो. तिथेच एका हिवाळ्यात मला इथली एक रीत कळली. व्हर्नाच्या हातात लाइटचं बिल होतं आणि ती खो खो हसत होती.

"टेडीचं बिल आलंय," ती म्हणाली. "आता दूध पिऊन झालं की सांगते, बाबा, भरून टाक."

टेडी तिचा मुलगा, पहिलीत होता. मला काही उमगेना. ओपलने मला समजावलं, एखादीला भात कसा शिजवायचा ते सांगावं तितक्या सहज. "आपलं नाव खराब झालं ना कुंदे, की कंपनी लाइट देत नाही. आधी मोठी अनामत मागतात. ती असती तर नाव खराब झालंच नसतं. मग पोराच्या नावावर घ्यायची. पोराचं नाव कोरं असतं."

"आणि तुझी कुणाच्या नावावर?"

"लेकीच्या, शेल्बीच्या," ती म्हणाली. "नऊ वर्षांची होती तेव्हापासून."

ओपलचं नाव खराब झालं ते तिच्या हाताने नव्हेच. नवरा ड्वेन नदीवर कोळशाच्या बार्ज, म्हणजे मालाच्या सपाट होड्या, भरायचा. त्याची पाठ मोडली. दवाखान्याच्या बिलांवर दोघांची नावं होती. पाठीसाठी गोळ्या सुरू झाल्या, त्या पाठ बरी झाली तरी सुटल्या नाहीत, आणि एक दिवस ड्वेन ट्रक घेऊन गेला तो गेलाच. बिलं मात्र घरचा पत्ता विसरली नाहीत. त्या वर्षी जानेवारीत लाइट कापली. घर म्हणजे ट्रेलर, चाकांवरची पत्र्याची लांबट खोली; बाहेर बर्फ, आत शेल्बी कोट घालून शाळेचा अभ्यास करत होती आणि तिच्या तोंडातून वाफ निघत होती. ओपलने शेजारणीच्या फोनवरून कंपनीला फोन लावला आणि नव्या खात्यासाठी शेल्बीचं नाव सांगितलं. पलीकडच्या बाईने विचारलं, "शेल्बी स्पर्लॉक बोलताय का?" आणि ओपल म्हणाली, "हो, मीच." संध्याकाळपर्यंत हीटर सुरू झाला.

मी तेव्हा विचारलं होतं, "आणि पोरगी मोठी झाल्यावर?"

दोघींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "अगं, अठरा झाली की पुसतात सगळं," व्हर्ना म्हणाली. "लहान पोराच्या चोऱ्यामाऱ्यासुद्धा पुसतात, मग हे बिल काय मोठं? अठराव्या वाढदिवसाला पाटी कोरी."

असं सगळं गाव मानत होतं. कोणी सांगितलं, कुठे लिहिलंय, हे कोणी विचारत नव्हतं. आईने लेकीला सांगितलं, लेकीने जावेला. आपल्याकडे नाही का, एखादी गोष्ट पाच जणींनी सांगितली की ती शास्त्र होते. ओपलही उन्हाळ्यात इमानाने बिल भरायची. हिवाळ्यात ते तिच्या हाताबाहेर जायचं. ट्रेलर बदलला की जुनं खातं थकलेलं तसंच राहायचं आणि नवं उघडायचं, तेही शेल्बीच्याच नावावर. गॅसचं एक, फोनचं एक. शेल्बी अठरा वर्षांची झाली तेव्हा ओपलने पिवळ्या केकवर चॉकलेट थापलं, मलाही बोलावलं आणि लेकीला म्हणाली, "आजपासून तू नवी कोरी." शेल्बीला वाटलं, आई वयाबद्दल बोलतेय.

शेल्बी आईवर गेली होती, फक्त दात शाबूत. त्याच वर्षी तिला मुलगी झाली, हॅटी. हॅटीच्या बापाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायला तो कधी थांबलाच नाही. आईच्या ट्रेलरमध्ये राहून, वृद्धांच्या घरात अंथरुणं बदलून शेल्बीने मुलगी वाढवली आणि परीक्षा दिल्या. मग कोलंबस शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात तिची निवड झाली. श्वासाच्या रोग्यांकडे बघायचं काम, शिकता शिकता पगार. ऑगस्ट संपायच्या आत तिकडे हजर व्हायचं. इथून गाडीने जाऊन येऊन करण्यासारखं अंतर नव्हतं, आणि पाळ्या रात्रीच्या. म्हणजे तिथे घर हवं, आणि हॅटीपाशी रात्री कुणीतरी हवं.

"कुणीतरी काय, मी आहे की," ओपल म्हणाली. "तिघी जाऊ. शाळा तिकडेही असतात. तिकडच्या पोरांना काय ग्रेव्ही नको असते?"

मी इतक्या वर्षांत तिला ओठ उघडून हसताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. तुटका दात दिसला आणि तिने तो लपवलाही नाही.

लांबच्या रस्त्याला टिकेल अशी गाडी माझीच होती, म्हणून घरं बघायला मी घेऊन गेले. पहिल्या दोन ठिकाणी अर्जाचे पैसे घेतले आणि चार दिवसांनी नाही म्हणून कळवलं. कारण विचारलं तर म्हणाले, कारण आम्ही देत नाही. आमच्या गावात माणूस बघून घर देतात. तुझा बाप कोण, आजोबा कुठल्या खाणीत होता, एवढं विचारलं की झालं. शहरात माणसाचा आकडा बघतात, बिलं वेळेवर भरली की थकवली त्यावरून लावलेला. हल्ली आपल्याकडेही तो आकडा आलाय म्हणे, बँकवाले बघतात. इथे त्याशिवाय डोक्यावर छप्परही येत नाही.

तिसरं घर तळमजल्यावर होतं. मागे थोडं गवत, एक मेपलचं झाड. दोन खोल्या, शिवाय स्वयंपाकघराला लागून एक लहानशी खोली, पूर्वी सामान ठेवत असतील. ओपल तिथे शिरली आणि दोन्ही हात पसरून भिंतीला भिंत लागते का बघू लागली. "माझी खाट बसते," ती म्हणाली. "पाय जरा दाराबाहेर जातील. पण माझे पाय कधी घरात होते?"

हॅटीने त्या खोलीच्या दिव्याचं बटण शोधून काढलं आणि ती ते चालू बंद, चालू बंद करत बसली. ओपल तिच्यावर ओरडली, "ए, लाइट फुकट येते का?"

व्यवस्थापक बाईचं नाव मिस प्रुइट. चष्मा साखळीला बांधलेला, बोलणं हळू. वाईट बाई नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. सगळ्या गोष्टीत कुणीतरी वाईट असलं की बरं असतं, शिव्या देता येतात. तिने शेल्बीचा अर्ज यंत्रात घातला, वाचलं, पुन्हा वाचलं आणि पडदा आमच्याकडे वळवला.

"तुमचं वय बावीस ना?" तिने विचारलं. "मग हे लाइटचं खातं तुम्ही नऊ वर्षांच्या असताना कसं उघडलं? आणि हा गॅस? हा फोन?"

शेल्बी पडद्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवून आईकडे पाहिलं. ओपलने विचारलं, "पण ते पुसलं नाही का? अठराला?"

"कोण पुसणार?" मिस प्रुइट म्हणाली.

हे तिने खरंच विचारलं होतं, टोमणा नव्हता. पण ओपलचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

मिस प्रुइटनेच मार्ग सांगितला. लहान मुलाच्या नावावर दुसऱ्याने कर्ज केलं असेल तर ते काढून टाकता येतं, पण तसा पोलिसांचा कागद लागतो. नाव कोणी वापरलं, ते त्यात स्पष्ट असावं लागतं. "तो कागद आणा. या महिन्याअखेरीपर्यंत मी घर धरून ठेवते. त्यापुढे माझ्या हातात नाही."

परतीच्या वाटेवर हॅटी मागे झोपली होती. मग शेल्बी म्हणाली, "मॉम, मी नऊ वर्षांची होते."

"हो."

"नऊ वर्षांच्या मुलीचं नाव घेतलंस तू. मला विचारलंस तरी का?"

"नऊ वर्षांच्या मुलीला थंडीही वाजत होती," ओपल म्हणाली. "तीही तुला विचारून वाजली नव्हती."

शेल्बी रडायला लागली. रागाने की कशाने, मला सांगता येणार नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मी पोलिसात जाणार नाही. आईला चोर म्हणून मला घर नको. इथेच राहीन, अंथरुणं बदलीन."

"जशी मी राहिले," ओपल म्हणाली. "पातेली ढवळत."

पुढचे दिवस मायलेकी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका ट्रेलरमध्ये न बोलता राहणं म्हणजे काय ते राहून बघावं. शेल्बी ऐकेना. महिना संपत आला तशी ओपल एक दिवस कामावरून सुटल्यावर मला म्हणाली, "गाडी काढ कुंदे. शेल्बीला घेऊ आणि जाऊन येऊ." तिने घरी जाऊन चर्चला जायचा निळा झगा घातला. शेल्बीला दंडाला धरून गाडीत बसवलं, लहानपणी दाताच्या डॉक्टरकडे न्यायची तशी.

पोलीस ठाण्यात त्या दिवशी टकरचा मुलगा होता, वेस्ली. आमच्याच शाळेत शिकलेला. ओपलला बघून उभा राहिला. "काय मिस ओपल, इकडे कुठे? कोणी त्रास दिला का?"

"तक्रार लिहायची आहे," ओपल म्हणाली. "माझ्या मुलीची. तिचं नाव कोणीतरी चोरलं."

तो कागद घेऊन बसला. शेल्बीला विचारलं, "कोणावर संशय आहे का?" शेल्बीने खाली मान घातली आणि म्हणाली, "मला माहीत नाही."

"मग ही तक्रार उभी राहणार नाही, शेल्बी. कंपनीवाले नाव मागतात."

"लिही," ओपल म्हणाली. "ओपल जीन स्पर्लॉक."

वेस्लीने पेन खाली ठेवलं. "अहो मिस ओपल, घरी जा. असं कोणी लिहून देतं का? सगळं गाव हे करतं. माझ्या आईनेही केलं असेल. मी हे लिहिलं की ते वकिलाकडे जाणार, शाळेत जाणार. चोरीचा गुन्हा असलेल्या माणसाला शाळेत पाऊल ठेवता येत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग तू लिही."

त्याने लिहिलं. लिहायला त्याला फार वेळ लागला. कागद वळवून त्याने शेल्बीपुढे ठेवला. शेल्बीने पेन घेतलं आणि ते तसंच धरून बसली. ओपल वाकली आणि तिच्या कानाशी म्हणाली, पण मी शेजारी होते, मला ऐकू आलं. "आजवर तुझी सही मीच करत आले. लाइटला, गॅसला, सगळीकडे शेल्बी होऊन बोलले. ही एक सही माझ्याने होणार नाही. ही तुलाच करावी लागेल, बाळा."

बाळा म्हणताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. शेल्बीने सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं की ते नऊ वर्षांच्या मुलीचं वाटलं असतं.

कोर्टात फार ताणलं नाही. ओपलने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशाने थोडा दंड केला, तुरुंग नाही, आणि वर म्हणाला की तुमच्या परिस्थितीची मला कल्पना आहे. कल्पना असण्याचा कुठे काही उपयोग होतो का? कागदावर 'चोरी' हा शब्द राहिला तो राहिलाच.

शाळेच्या मुख्याध्यापिकेने स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, ऑफिसात बोलावलं नाही, एवढं तिचं सौजन्य. ओपलने ग्रेव्हीखालचा गॅस बारीक केला, मला म्हणाली, "तळाला लागू देऊ नकोस," केसांची जाळी काढली, एप्रन घडी करून क्रेटवर ठेवला. पेन्शन पुरी व्हायला तिला थोडाच काळ राहिला होता. मुलं तेव्हा रांगेत येत होती. एकाने विचारलं, "मिस ओपल, कुठे चाललात?" ती म्हणाली, "जेवलास का? मग आधी जेव."

मला वाटलं होतं व्हर्ना तरी तिच्या गळ्यात पडेल. व्हर्ना तोंड फिरवून काउंटर पुसत राहिली. ओपल गेल्यावर माझ्यावर उखडली. "तिला काय गरज होती? आता उद्या प्रत्येक पोर उठेल आणि आईला पोलिसात नेईल. आम्ही काय चैन केली का पोरांच्या नावावर?" गावातल्या कितीतरी बायकांनी असंच केलं. दुकानात ओपल दिसली की दुसऱ्या रांगेत जायच्या. चोरीचं त्यांना काही वाटलं नाही. झाकलेलं तिने उघडं केलं, याचा राग. मात्र काही दिवसांनी व्हर्नाने मला भांड्यांच्या मोरीपाशी गाठलं आणि हळूच विचारलं, "कुंदा, अठराला खरंच पुसत नाहीत का गं?" मी नाही म्हटलं. ती टेडीबद्दल काही बोलली नाही. त्या दिवशी तिने एकही विनोद केला नाही.

पोलिसांचा कागद मिस प्रुइटला महिना संपायच्या आत पोचला होता, आणि शेल्बीच्या नावावरचं सगळं निघालं. मिस प्रुइटचा फोन आला, किल्ली न्यायला या. आम्ही पुन्हा निघालो. या वेळी गाडीत ओपलची घडीची खाट होती, गोधडी होती, ग्रेव्हीचं तिचं लोखंडी भांडं होतं आणि हॅटी मांडीवर बसून सगळ्या रस्त्याला तिला विचारत होती, "मामॉ, आपल्या नव्या घरी पोहोचलो?" आजीला इकडे मामॉ म्हणतात.

मिस प्रुइट दारातच भेटली. तिने चष्मा काढून हातात धरला होता. घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची तपासणी होते, ती म्हणाली. शेल्बीचं स्वच्छ आलं होतं. ओपलचं नाव नापास झालं होतं. पैशाची गोष्ट असती तर तिने मार्ग काढला असता, पण हा चोरीचा गुन्हा होता, आणि अगदी ताजा.

मी भांडले. मराठी माणूस भांडताना इंग्रजी विसरतो म्हणतात, मला तर त्या दिवशी जास्त चांगलं आलं. "जिचं नाव चोरलं तीच मुलगी म्हणतेय ना, आई घरात हवी म्हणून! आणि तो कागद आणायला तुम्हीच सांगितलात."

"मीच सांगितलं," मिस प्रुइट म्हणाली. "मी दोन दिवस वरच्या लोकांशी बोलतेय. त्यांच्यापुढे फक्त तो शब्द आहे."

ओपलने एवढंच विचारलं, "मुलीला घर मिळालं ना?"

"हो. तिला आणि छोटीला."

"मग किल्ली तिच्या हातात द्या."

"मी घेणार नाही," शेल्बी म्हणाली. तिने हात पाठीमागे नेले होते. "मॉम, मला नको हे."

ओपलला मी चिडलेली खूपदा पाहिली होती, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. बारीक, धार लावलेला. "नको? मी त्या टकरच्या पोरापुढे माझं नाव उच्चारलं ते कशासाठी? शाळा सोडली कशासाठी? आता नको म्हणालीस तर मी नुसतीच चोर राहीन, शेल्बी. घे ती किल्ली."

शेल्बीने किल्ली घेतली.

सामान आम्ही उतरवलं. घडीची खाट तेवढी गाडीत राहिली. पाहुण्याने लागोपाठ किती रात्री राहायचं याचाही तिथे नियम होता. मी रागाने म्हटलं, "राहा चोरून. कोण बघतंय?" ती म्हणाली, "एकदा केली ना चोरी. पुरे झाली." निघताना हॅटीने तिचा झगा धरला आणि सोडेना. ओपलने तिची बोटं एकेक करून सोडवली, लोखंडी भांडं शेल्बीच्या ओट्यावर ठेवलं आणि गाडीत येऊन बसली. वाटेत ती रडली. मीही रडले. एका पेट्रोलपंपावर थांबून आम्ही दोघींनी तोंडं धुतली आणि कॉफी घेतली.

हॅटीपाशी रात्री झोपायला शेजारची एक म्हातारी मिळाली, पैसे घेऊन. चांगली आहे म्हणतात. ओपलने तिच्याबद्दल एकदाच विचारलं, "ती गाणं म्हणते का झोपवताना?" शेल्बी म्हणाली, नाही, टीव्ही लावते.

नोकरी नाही, मग ट्रेलरचं भाडं कुठलं? मी तिला माझ्या मागच्या खोलीत आणलं. कागद नाही, तपासणी नाही. भाडं म्हणून रविवारी बिस्किटं, म्हणजे इकडचे गरम मऊ पाव, आणि ग्रेव्ही. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने विचारलं, "लाइट कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या. दुसऱ्या कुणाच्या असणार? मला पोर ना बाळ."

"बिल कधी थकलं होतं?"

"नाही."

"थकायचं नाही," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून माझ्या घरात अंधार झाला. मी खोलीतून उठले की ही मागून जाऊन दिवा बंद करणार. वाचता वाचता पाणी प्यायला गेले की परत येताना मी खुर्चीवर आपटते. एकदा तर मी आंघोळ करत असताना तिने बंद केला. मी आतून मराठीत शिव्या घातल्या. "माझ्या नावाची एवढी काळजी नको करूस गं बाई," मी म्हणते, "माझं नाव घेऊन कोण मला घर भाड्याने देणार आहे आता?" ती हसत नाही. स्वतःच्या खोलीत तर ती दिवा लावतच नाही. रस्त्यावरचा खांब खिडकीतून दिसतो, तेवढा तिला पुरतो.

शेल्बी कामावर जायच्या आधी फोन करते, चेहरा दिसतो तसला. परवा दिवस मावळता मावळता तो आला. डिसेंबरचा अंधार लवकर पडतो. ओपल माझ्या बैठकीत खिडकीपाशी बसली होती आणि अर्थातच दिवा बंद होता. फोन हॅटीने धरला होता. तिची उंची वाढली आहे. आधी मेपल दाखवलं, मग आईचे नवे बूट. मग म्हणाली, "मामॉ, गंमत बघ," आणि फोन घेऊन घरभर पळत सुटली. बैठकीतला दिवा लावला, न्हाणीतला लावला, स्वयंपाकघरातला लावला. शेवटी त्या लहान खोलीत आली. खोली रिकामी होती. भिंतीपाशी खाटेएवढी जागा सोडून तिने खेळणी एका बाजूला लावली होती. "ही तुझी," ती म्हणाली आणि तिथलाही दिवा लावला.

मागून शेल्बीचा आवाज आला. "हॅटी, बंद कर गं ते सगळे. बिल येईल."

"राहू दे," ओपल म्हणाली. मी चमकून तिच्याकडे पाहिलं. "शेल्बी, राहू दे चालू. कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या आहे, मॉम," शेल्बी म्हणाली. "मीच घेतलीय. माझ्याच."

"मग राहू दे थोडा वेळ."

हॅटीने फोन तोंडाजवळ आणला, इतका की पडद्यावर नुसतं नाक आणि एक डोळा दिसू लागला. "मामॉ, मला तू दिसतच नाहीस. तुझ्याकडे लाइट नाही का?"

"आहे की," ओपल म्हणाली. "पण मला तू दिसतेस ना, मग झालं."

मी उठले आणि लाइट लावली, पोरीला तिची आजी दिसावी म्हणून. त्या संध्याकाळी ओपलने ती बंद केली नाही.